बाईसाहेब पुन्हा उठल्या

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय अव्या,

दोन वर्षांत माझी एक ओळ नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. माझी शुगर आहे तिथेच.

मुग्धा आलीय, पाचवा महिना. आठवडाभर खोकत होती. आईनं मागच्या कुंडीतला अडुळसा तोडला (शेजारच्या बेनची अरडूसी) आणि सकाळ-संध्याकाळ मध घालून काढा. तीन दिवस तो कडवट वास घरभर आणि मी, बी.फार्म., पेपर वाचतोय! चौथ्या दिवशी पोरगी म्हणाली, "बाबा, पोट कडक होतंय." मला एकदम कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आपला फिरता ड्रम दिसला.

आठवतंय ना? उंदराच्या गर्भाशयाची पट्टी, ती जिवंत ठेवणारं डी जॅलॉनचं कोमट द्रावण, खालून बुडबुडे, ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदावर तरफेचं टोक, पट्टी आवळली की वर चढणारं. अडुळशाच्या पानांचा अर्क पडला आणि टोक जे चढलं ते उतरेचना. तू ओरडलास, "बाईसाहेब उठल्या!" आणि नाकावर काजळी तशीच घेऊन शेवउसळ खायला आलास. व्हॅसिसीन, अडुळशातलं द्रव्य! श्वासनळीचा स्नायू सैल करतं, म्हणून खोकल्याला. खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्सिन त्याच्याच घराण्यातलं. गर्भाशयाचा स्नायू मात्र आवळतं. तोंडपाठ होतं रे. तोंडीत मला तुझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले होते, तू मानत नाहीस ती गोष्ट वेगळी.

पातेलं मोरीत ओतलं. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मीही प्यायले होते. झालं का काही?" यावर काय बोलणार! डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ छान आहे. काढा बंद करा, म्हणाल्या. पोट असं काढ्याशिवायही कडक होतं, हेही म्हणाल्या. म्हणजे अडुळशानं झालं की नाही, कळायला मार्ग नाही. आपण थेंब मोजून वहीत लिहायचो. आईला विचारलं किती पानं, तर "मूठभर". आईची मूठ कशात मोजू?

आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. मुग्धाला ड्रमचं सांगितलेलं नाही. रात्री पाण्याच्या निमित्तानं उठतो आणि तिच्या दाराशी घुटमळतो.

तुझं घर बदलून झालं का? वहिनींना नमस्कार. चिरंजीवांचं काय ते कळव.

आणि ड्रमवरचा तो वार्निश मारलेला कागद, जो तू ढापलास (कोपरा तुझ्याच हातून फाटला होता, माझ्या नाही), सापडला तर फोटो पाठव. आईला दाखवायचाय.

तुझा,
बंड्या