तंजावरच्या मोजेवाल्या काकूंना

काकू, स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. मे महिन्यात बृहदीश्वराच्या आवारात, त्या मोठ्या शिवमंदिराच्या तापलेल्या फरशीवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचणारी साताऱ्याची म्हातारी आठवतेय का? ती माझी आई.

चूक आमचीच. गाडी उशिरा पोचली, त्यात मुलाला डोसा हवा होता, आणि मंदिरात शिरेपर्यंत अकरा वाजून गेले. चपला बाहेर. नंदीपर्यंत कशीबशी गेलो, तिथे आईने मांडवाच्या सावलीत बसकण मारली आणि ‘मी आता हलत नाही’ म्हणाली. तेवढ्यात तुम्ही आलात. आधी तमिळमध्ये काहीतरी बोललात, मग आमचं बोलणं ऐकून थबकलात आणि मराठीत म्हणालात, मोजे घाला. पिशवीतून स्वतःचे करड्या रंगाचे मोजे काढून आईच्या मांडीवर ठेवलेत. खरं सांगू? तुमचे हेल इतके तमिळ होते की ते मराठी आहे हे कळायलाच मला दोन वाक्यं लागली.

आमचे चौघांचे एकत्र फोटो या अख्ख्या सहलीत तीनच आहेत. तिन्ही तुम्ही काढलेले आणि तिन्हींच्या उजव्या कोपऱ्यात तुमचा अंगठा. नवरा म्हणाला कापून टाकू, मी कापू दिला नाही. छापून भिंतीवर लावलाय त्यातही अंगठा आहेच.

पण आभार मानायचे ते त्या भिंतीवरच्या शिलालेखाचे. तुम्ही आम्हाला नैऋत्य कोपऱ्याकडे नेलं नसतं तर आम्ही राजराज चोळाचं शिखर बघून, १०१० साली पुरं झालेलं एवढं पाठ करून परतलो असतो. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा अख्खा इतिहास तिथे भिंतीवर मराठीत कोरून ठेवलाय, हे साताऱ्यात राहून मला माहीत नव्हतं. शाळेत व्यंकोजीराजे एका ओळीत येतात आणि जातात. शिवरायांचे सावत्र भाऊ, संपलं. त्यांच्या घराण्याने तंजावरला १८५५ पर्यंत गादी सांभाळली, ते कुणी सांगत नाही.

आणि मग तुम्ही आईला म्हणालात, जरा वाचून दाखवा. घरात मराठी बोलता, पण लिहिता तमिळ अक्षरांत. देवनागरी शिकलाच नाहीत. लहानपणापासून त्या भिंतीपुढून जाताय आणि आपलीच भाषा वाचता येत नाही, हे तुम्ही हसत हसत सांगितलंत. आईने चष्मा पुसला. एकेका अक्षरावर बोट ठेवून, अडखळत, तीन-चार ओळी वाचल्या. निम्मं तिलाही कळलं नाही, जुनी भाषा. तुम्ही मात्र प्रत्येक ओळीला मान डोलावत होतात. माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे: आईचं बोट, दगडावरची अक्षरं आणि खाली करडे मोजे. सगळ्या सहलीतला मला तोच आवडतो.

सावलीचंही सांगायचंय. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं आम्हाला रिक्षावाल्यापासून सगळ्यांनी ऐकवलं होतं. तुम्ही फक्त म्हणालात, संध्याकाळी पाचला परत या. आलो. सावली अंगणभर, पार नंदीच्या दिशेने लांबलेली! मुलगा तिच्यावर उभा राहिलाय, तोही फोटो आहे. दुपारी सूर्य डोक्यावर असताना ती स्वतःच्याच पायथ्यावर मावते, कारण शिखर वर निमुळतं होत जातं. हे त्याचं त्यालाच तिथे उभं राहून कळलं.

तुमच्या सांगण्यावरून कुंभकोणमला उतरून जवळचं दारासुरमचं मंदिरही केलं. तिथल्या बैल-हत्तीच्या जोडशिल्पावर मुलाने अर्धा तास काढला. दोघांना मिळून एकच डोकं. एकीकडे तळवा धरला की हत्ती, दुसरीकडे धरला की बैल. या खेळाचे अठरा फोटो आहेत, ते तुमच्या माथी मारत नाही. कॉफी मात्र तुम्ही म्हणालात तशीच होती, पितळी डबऱ्यात, म्हणजे त्या पसरट वाटीत. आईने दोनदा घेतली आणि रात्रभर जागी राहिली.

आता मुद्द्याचं. मोजे परत करायचे राहिले. फाटकाशी आई चपला घालण्याच्या गडबडीत होती, तुम्ही कुणाला तरी भेटायला पुढे गेलात, आणि मोजे आमच्याच पायात. धुऊन, घडी घालून ठेवलेत. आईने त्या लेखाच्या सुरुवातीच्या ओळींच्या फोटोवरून मोठ्या अक्षरांत नक्कल केलीय, आणि कुणाकडून तरी तिच्याखाली तेच तमिळ अक्षरांत लिहून घेणार आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येईल. फोटो, नक्कल आणि मोजे, सगळं एका पाकिटात तयार आहे. त्यावर पत्ता तेवढा लिहायचा आहे. तुमच्या ओळखीच्या कुणी हे वाचलं, तर त्यांनी तुम्हाला वाचून दाखवावं आणि मला कळवावं.

आईचा नमस्कार. ती तुम्हाला ताई म्हणते.

तुमची,
साताऱ्याची लेक