तात्यांच्या हलगीसाठी अडीच सेकंद

सुन्या भावा,

परवा कुस्तीच्या मैदानातनं व्हॉइस मेसेज पाठवलास ना, तो मी दहा वेळा तरी ऐकला, आणि खरं सांगतो तू काय बोललास ते चौथ्या खेपेला कळलं, कारण तुझ्या मागं हलगी चाललेली आणि माझं सगळं ध्यान तिकडंच. तात्यांचीच होती ना? ठेका तोडून, जरा थांबून परत उचलायचा, ते दुसऱ्या कुणाचं नसणार. ती हलगी तू मला नीट रेकॉर्ड करून पाठवावीस, मला ती माझ्या गाण्यात घ्यायचीय, हे पत्र त्याच कामासाठी आहे, फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून टाइप करत बसलोय.

मी न्यूयॉर्कात क्वीन्समधे ज्या घरात राहतो त्याचे मालक, त्यांना मी अंकल म्हणतो, साठी ओलांडलेत, त्यांच्या बेसमेंटमधे एक ई-म्यू एसपी-१२०० आहे. १९८७ ला आलेलं सँपलर, म्हणजे आवाजाचा तुकडा आत भरून घ्यायचा आणि पॅड दाबला की तो वाजवायचा असं मशीन, यांनी दोनचार वर्षांनी घेतलं, तेव्हापासून तिथंच टेबलावर. आठ पॅड, आठ फेडर म्हणजे वरखाली सरकवायच्या पट्ट्या आणि एक फ्लॉपी ड्राइव्ह. गेल्या हिवाळ्यापासून दर रविवारी मी खाली जातो आणि ते मला शिकवतात.

आता ऐक, या मशीनमधे सगळा मिळून फक्त दहा सेकंदांचा आवाज मावतो. एका पॅडवर जास्तीत जास्त अडीच सेकंद. पूर्ण गाण्याचे ड्रम, बेस, हॉर्न, सगळं त्या दहात बसवायचं! मग त्या काळातल्या हिप हॉपवाल्या पोरांनी काय केलं, ३३ स्पीडची एलपी रेकॉर्ड ४५ वर लावून पळवत सँपल करायची आणि मशीनमधे परत खाली ओढून मूळ वेगावर आणायची. हिशोब कर, अडीच सेकंदांत जवळजवळ साडेतीन सेकंदांचं गाणं बसतं. पण खरी गंमत पुढं आहे. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाज मोजते, हे २६,०४० वेळाच मोजतं, ते पण १२ बिटमधे, म्हणजे जाड्याभरड्या मापाने, आणि आवाज खाली ओढला की या मोजमापांच्या मधल्या जागा गुळगुळीत भरत नाही, तेच आकडे परत परत वाजवतं. त्यामुळं आवाजाला वाळूसारखी एक खरखर येते. नव्वदच्या आसपासचे न्यूयॉर्कचे बीट्स, म्हणजे रॅपखालचे ठेके, ऐकलेस की किक, ड्रमचा तो मोठा घुमणारा ठोका, छातीवर येते आणि हाय-हॅट, ड्रमसोबतची झांज, जरा करपल्यासारखी वाटते, ती ही खरखर. जागा वाचवायला गेले आणि आवाज सापडला.

तसं रेकॉर्डवरचे ठोके उचलायची सुरुवातच चुकून झालेली. इथनं जवळच क्वीन्सब्रिज आहे, तीन हजारांवर घरांची सरकारी वसाहत, मार्ली मार्ल हा हिप हॉपचे ठेके बनवणारा तिथलाच. ऐंशीच्या दशकात तो एका रेकॉर्डवरनं गायकाचा आवाज घ्यायला गेला आणि सोबत स्नेअरचा, म्हणजे कडक वाजणाऱ्या ड्रमचा, एक ठोका आत आला. त्याने तो ड्रम मशीनच्या ठेक्याबरोबर वाजवून बघितला आणि त्याला कळलं की दुसऱ्याच्या रेकॉर्डवरचा नुसता एक ठोका उचलून आपला ठेका बांधता येतो. बस. पुढचं सगळं त्या एका ठोक्यावर उभं आहे, असं मला तरी वाटतं.

अंकलकडं टॅस्कॅमचं २४४ पण आहे, चार ट्रॅकचं, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरता येणारं कॅसेट रेकॉर्डर, १९८२ चं मॉडेल. साधीच कॅसेट, पण दोन्ही बाजूंची पट्टी एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने चालवतं, त्यामुळं साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटं मिळतात. तीन ट्रॅक भरले की ते चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि मोकळे झालेल्या तिन्हीवर परत नवीन भरायचं, पण एकदा उतरवलं की स्नेअर जरा मोठा पाहिजे होता असं म्हणून उपयोग नाही, तो तसाच राहतो. अंकल म्हणतात त्यांच्या गल्लीतल्या पोरांचे रॅप यावरच झाले, माइक कपड्यांच्या कपाटात टांगून. मला ते कपाट त्यांनी दाखवलं, अजून खिळा आहे.

मी महिनाभरापूर्वी एक चूक केली, अजून मनातनं जात नाही. चार तास बसून बीट केलेला, एकही वेळा फ्लॉपीवर सेव्ह केला नाही आणि पायाने वायर ओढली गेली. वीज गेली की हे मशीन सगळं विसरतं. अंकल काही बोलले नाहीत, फक्त नवीन फ्लॉपी आणून पुढ्यात ठेवली.

तर तात्या. तुझ्या मेसेजमधली हलगी मी मशीनमधे घालून बघितली. तुझा आवाज वर येतो आणि फोनने पण सगळं दाबून टाकलंय, तरी दोन ठोके सुटे मिळाले आणि भावा, अंगावर काटा आला. या मशीनला आठ आउटपुट आहेत, सातव्या-आठव्याला फिल्टर नसतो, तिथनं हलगी काढली तर अशी कडक फुटते की अंकल जिन्यावरनं खाली आले बघायला. हलगीसोबतचं घुमकं पहिल्या आउटपुटमधनं काढायचं डोक्यात आहे, तिथला फिल्टर वरचा आवाज कापतो, नुसती घुमी राहील.

पण तात्यांना आधी विचार. मागनं नाही. जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकाच्या बँडमधे क्लाइड स्टबलफील्ड नावाचा ड्रमर होता, १९६९ मधे एका गाण्यात त्याने काही सेकंद एकट्याने वाजवलं आणि ते शेकडो हिप हॉप रेकॉर्डमधे गेलं. गाण्यावर नाव त्याचं नव्हतं, त्या सँपलचे हक्काचे पैसे त्याला मिळाले नाहीत. तो २०१७ ला गेला. अंकलनी स्वतःसुद्धा तो ठेका वापरलाय आणि हे सांगताना ते बराच वेळ गप्प बसले. आपल्याकडं पण मैदानात पैलवानाचं नाव पुकारतात, वाजवणाऱ्याचं कोण पुकारतं सांग. म्हणून मी काढीन त्या कॅसेटवर तात्यांचं पूर्ण नाव आणि गाव पहिल्या ओळीत येणार, माझं खाली. पैसे मी आधी पाठवतो, नंतर काही मिळाले तर त्यात निम्मे त्यांचे, हे त्यांना स्पष्ट सांग. नको म्हणाले तर तिथंच सोड, मी परत विषय काढणार नाही.

हो म्हणाले तर तुमच्या जुन्या टू-इन-वनवर पण कर आणि फोनवर पण, दोन्ही पाठव. आठदहा फुटांवर ठेव, जवळ नको, आवाज फाटतो. आधी जाड काठीचा एकेक ठोका, मग बारीक काठीचा, प्रत्येक ठोका पूर्ण विरू दे आणि मगच दुसरा. मग त्यांना हवं ते, हवं तितका वेळ वाजवू दे, मधे थांबवू नकोस आणि बोलू पण नकोस. हलगी शेकली की लगेच पहिला टेक घे, गार झाली की उतरते.

तुझा,
पिंट्या