तारखेला सोबत बसायला माणसं हवीत (आणि तिकिटाचे पैसे पण)

नमस्कार मंडळी,

आपलं महिला मंडळ दर मंगळवारी दुपारी कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांमधून फिरतं हे बऱ्याच जणींना माहीत आहे. दुपारीच का, तर सकाळी बायका झोपलेल्या असतात आणि संध्याकाळी धंद्याची वेळ, तेव्हा दारात उभं राहिलं की घरवाली (कोठा चालवणारी बाई) आमच्यावर डाफरते आणि नंतर त्यांच्यावर. आधार, रेशनकार्ड, पोरांचं अॅडमिशन, टीबीच्या गोळ्या, ही कामं चालूच असतात, त्याबद्दल आज काही मागत नाही. आज फक्त कोर्टाच्या तारखेसाठी मागतोय.

धाड पडते तेव्हा बातमी येते, अमुक मुलींची सुटका. पुढचं कोणी विचारत नाही. मुलगी मॅजिस्ट्रेटसमोर जाते, मग सुधारगृहात, मग घरचे न्यायला आले तर गावाला, म्हणजे कोणी बंगालला, कोणी कर्नाटकात, कोणी आंध्रात. केस मात्र इथे मुंबईतच असते. दोन वर्षं जातात, चार जातात, आणि एक दिवस दारात समन्स येतं की साक्षीला हजर व्हा. तोवर तिचं लग्न झालेलं असतं, सासरी कोणाला काही माहीत नसतं, आता काय सांगून निघायचं घरातून?

तरी येतात हो. मागच्या पावसाळ्यात एक आली, गीतांजली एक्स्प्रेसने तीस-एकतीस तास बसून, सोबत म्हातारे वडील. कोर्टाबाहेरच्या बाकावर तिला बसवून आमची कार्यकर्ती सरकारी वकिलांना शोधायला वर गेली, एकटीच होती बिचारी, करणार काय. वडील खाली चहाला. तेवढ्या दहा मिनिटांत जामिनावर सुटलेली घरवाली तिच्या शेजारी येऊन बसली, पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "छोटी बहन अब तो बड़ी हो गई होगी ना?" बास, एवढंच. आता याची तक्रार करायची तर काय लिहिणार, बिस्कीट दिलं म्हणून? कार्यकर्ती खाली आली तेव्हा पुडा न उघडता तिच्या मुठीत होता आणि आतल्या बिस्किटांचा पार भुगा झालेला. मग पुकारा झाला, आत गेली, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, याद नहीं.

कागदावर लागलं, साक्षीदार फितूर. फितूर म्हणे! फितूर व्हायला आधी कोणाच्या तरी बाजूला असावं लागतं, तिच्या बाजूला त्या बाकावर होतं कोण? चूक आमची पण आहे, एकाच बाईला पाठवलं, ते कबूल.

कायद्यात नाही असं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याच्या कलम १२ मध्ये तस्करीच्या पीडितेला फुकट वकील आहे, उत्पन्न कितीही असो. साक्षीदाराचा खर्च द्यायचा हुकूम कोर्ट करू शकतं, पण तिकीट आधी काढावं लागतं आणि तो पैसा नंतर येतो. आणि आरोपीसमोर बसावं लागू नये म्हणून साक्षीची वेगळी केंद्रं काढा असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये देशभरासाठी सांगितलंय, तेही महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये. आमच्या केसेसमधल्या मुलींना त्या वेगळ्या खोलीत बसवा असा अर्ज आम्ही लिहितोय, त्यावर सह्या हव्यात. सही फुकट आहे, ती तरी कराच.

पैशाचं सांगायचं तर एका तारखेला दोघांचं स्लीपरचं जाऊन-येऊन तिकीट, तीन-चार दिवस राहणं, जेवण, टॅक्सी धरून सात-आठ हजार जातात. आणि तारीख पुढे ढकलली की परत तेवढेच! शंभर रुपये पण चालतील. पावती मिळेल, ८०जी (देणगीवरची करसवलत) आमच्याकडे नाही, आधीच सांगून ठेवते.

पैशापेक्षा माणसं जास्त हवीत. महिन्यातला एक दिवस, सकाळी दहा ते पाच, बाकावर तिच्या दोन्ही बाजूंना बसायचं आणि शेजारची जागा रिकामी सोडायची नाही, काम एवढंच. केसबद्दल तिच्याशी बोलायचं नाही, काय सांग काय नको हे तर अजिबातच नाही, नाहीतर उलटतपासणीत वकील तेच धरून बसतो. बंगाली, तेलुगू किंवा कानडी येत असेल तर सोन्याहून पिवळं.

एक विचारतात नेहमी, फोटो का नाही टाकत, फोटो टाकला की पैसे पटापट जमतात. जमतात, माहीत आहे. पण अशा केसमध्ये मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे आणि नसता तरी टाकला नसता. दुसरं, गल्लीतल्या सगळ्याच बायकांना उचलून सुधारगृहात टाका असं आमचं म्हणणं नाही, सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने राहत असेल तर तो तिचा प्रश्न, आम्ही तिच्या रेशनकार्डासाठी धावतोच. फसवून आणलेली, विकलेली, किंवा पोरगी अठराच्या आतली असेल तर मात्र विषयच नाही, लगेच १०९८ किंवा ११२ ला फोन लावा, आमची वाट बघू नका.

पुढची तारीख दिवाळीनंतर आहे, मुलगी कर्नाटकातून येतेय, तेव्हा कानडी येणाऱ्यांनी आधी कळवा. मंडळाच्या खोलीवर संध्याकाळी पाचनंतर कोणी ना कोणी असतंच, रविवार सोडून.