परिपत्रक काढले म्हणजे तयारी झाली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेररचना, विलीनीकरण किंवा नवी संगणक प्रणाली यांचा निर्णय झाला की कर्मचाऱ्यांच्या हाती परिपत्रक पडते, पाठोपाठ अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण उरकले जाते आणि लोकांची तयारी झाली असे गृहीत धरले जाते. पुढे काम अडले की खापर फुटते ते कर्मचाऱ्यांच्या मानसिकतेवर.

या समजुतीला छेद देणारा प्रयोग फार जुना आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पायजमे शिवणाऱ्या हारवुड कारखान्यात लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी केलेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. कामाची पद्धत आणि त्या कामाच्या मजुरीचे नगामागचे दर बदलायचे होते. एका गटाला ठरलेला बदल सांगण्यात आला, एका गटाच्या प्रतिनिधींना आखणीत घेतले, तर दोन गटांतील सर्वांनाच नव्या पद्धतीच्या आखणीत सामील केले. सर्वांना सामील केलेल्या गटांनी पूर्वीचा वेग लवकरच गाठला आणि पुढे तो ओलांडला. पहिल्या गटाचे घसरलेले उत्पादन मात्र सावरले नाही आणि चाळीस दिवसांत त्यातील १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. गट लहान होते, त्यामुळे या टक्केवारीचा फार डांगोरा पिटू नये. तरीही लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, पहिल्या गटालाही बदलाचे कारण समजावून सांगितले होते आणि त्यांच्या शंकांना उत्तरेही दिली होती. उणीव समजावण्यात नव्हती. ठरवताना त्यांना कोणी विचारले नव्हते.

अर्थात, प्रत्येक गोष्ट सर्वांना विचारून ठरवता येत नाही. म्हणूनच काय ठरले आहे आणि काय अजून ठरायचे आहे, हे व्यवस्थापनाने आधीच स्वच्छ सांगावे. ठरलेल्या गोष्टीवर मते मागवण्याचा देखावा करण्यापेक्षा न विचारलेले बरे. पर्यवेक्षकांना सर्वांत आधी विश्वासात घ्यावे, कारण परिपत्रक वाचून कर्मचारी प्रश्न घेऊन जातात ते त्यांच्याकडेच. आणि शिकण्याच्या काळात कामाचे उद्दिष्ट तात्पुरते खाली आणावे. ते जुनेच ठेवले, तर लोक दिवसाचे काम निभावण्यासाठी जुन्या नोंदवह्या गुपचूप चालू ठेवतात, आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळेनाशा झाल्यावरच ते वरिष्ठांच्या ध्यानात येते.

आपला,
एक वाचक