पंचावन्नाव्या चालीआधीचा डाव

संपादक महोदय,

डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या बुद्धिबळ जगज्जेतेपद लढतीतला चौदावा डाव (सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४) अजूनही 'डिंगच्या एका घोडचुकीचा डाव' म्हणून सांगितला जातो. हे अर्धेच खरे आहे आणि गुकेशवर अन्याय करणारे आहे.

गुण ६.५-६.५ असे बरोबरीत होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी डिंगने घोडा एफ३ (अक्षर म्हणजे पटावरची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ), मग प्यादे जी३, उंट जी२ आणि प्यादे डी४ असा ग्रुनफेल्ड बचाव (एरवी काळ्याने खेळायची सुरुवात) उलट्या रंगांनी मांडला. त्यात पांढऱ्याकडे एक चाल जास्तीची असते. गुकेशने सहाव्या चालीला राजाकडचा घोडा एफ६ऐवजी ई७ वर काढला. डी४ वर घोड्यांची मारामारी होऊन पांढरा वजीर तिथे आला, तेव्हा हाच घोडा सी६ वर येऊन त्याच्या अंगावर गेला. वजीर निमूटपणे डी१ वर परतला, काळ्याचे प्यादे डी४ वर सरकले आणि जास्तीच्या चालीचा फायदा तिथेच विरला.

पुढे डिंगने बरोबरीची वाट धरली. २९व्या चालीला बी४ करून त्याने प्यादेच देऊन टाकले. वजीर आणि प्रत्येकी एक हत्ती पटावरून गेल्यावर काळ्याची तीन प्यादी, पांढऱ्याची दोन, तीही एकाच बाजूला. हा शेवट बरोबरीचाच. पण त्रास सोसायचा तो फक्त पांढऱ्याने. गुकेश धोका न पत्करता पंचवीसएक चाली दाबत राहिला.

खरी ग्यानबाची मेख ५३व्या चालीत आहे: डिंगचा उंट ए८ या कोपऱ्यात गेला. कोपऱ्यातल्या उंटाला एकच कर्ण मिळतो. ५५व्या चालीला हत्ती ए४ वर नेला असता तर बचाव टिकत होता. त्याने तो एफ२ वर नेला. हत्तींची मारामारी झाली आणि गुकेशचा उंट डी५ वर आला. आता पांढरा उंट बी७ किंवा सी६ वर गेला तरी मारला जातो. म्हणजे अदलाबदल अटळ. उरलेल्या राजा-प्याद्यांच्या शेवटात ५८व्या चालीला काळा राजा ई५ वर, ई३ वरच्या पांढऱ्या राजासमोर, उभा राहिला. चाल पांढऱ्याची, म्हणून वाट त्यानेच सोडायची, आणि मग काळ्याचे जास्तीचे प्यादे निर्णायक ठरते. डिंगने डाव सोडला.

अशा डावांच्या बातमीसोबत सगळ्या चाली आणि निर्णायक स्थितीची एक आकृती छापावी, ही विनंती. या डावासाठी ५४व्या चालीनंतरची आकृती पुरेशी होती. शिकणाऱ्या मुलांना पट मांडून तो खेळून बघता आला असता.

– एक बुद्धिबळप्रेमी वाचक, सांगली