ऑइलचं झाकण माझ्या हातात देणाऱ्या चाचांना

चाचा,

नमस्कार. तुम्ही मोबाइल फक्त फोन उचलण्यापुरता वापरता, हे मला माहीत आहे. तेव्हा हे पत्र तुमची नातच तुम्हाला वाचून दाखवेल. वाचताना हसली तर हसू द्या. तुमचं नाव मुद्दामच घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण नगर-कल्याण रस्त्यावरून ज्यांच्या गाड्या जातात, त्यांतल्या बऱ्याच जणांना हे कुठले मिस्त्री ते कळेलच.

दसरा होऊन गेला. गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मग आठवलं की ज्यांच्यामुळे ही गाडी अजून दारात आहे, त्यांना मी नीट ‘आभारी आहे’ म्हटलेलंच नाही. पैसे दिले, चहा घेतला, निघून आले. तुम्हीही पाठ फिरवून दुसऱ्या गाडीखाली शिरला होतात. म्हणून आता लिहितेय.

आधी जे झालं ते थोडक्यात सांगते. तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

ही पिकअप आमच्या ह्यांनी 2013 मध्ये घेतली. हे गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून नारायणगावला टोमॅटो मी स्वतः घेऊन जाते, कल्याणला फ्लॉवर-काकडी पोरगा नेतो. ऑगस्टमध्ये पोरगा कल्याणहून मोकळे क्रेट घेऊन येत होता. माळशेज चढताना बोगद्याच्या अलीकडे गाडी तापली. काटा लालमध्ये, बॉनेटमधून वाफ, वरून पाऊस. पोराने फोन केला तेव्हा मी निंदणीच्या बायकांना चहा देत होते. कशीबशी गाडी घरी आली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला नेली. त्यांनी हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवला, त्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारा पातळ थर, बदललं, हेड घासून सपाट करून आणलं आणि 22 हजार घेतले. पंधराव्या दिवशी गाडी पुन्हा तापली. आता ते म्हणाले, इंजिन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल, म्हणजे पिस्टन, रिंगा वगैरे नवं, 85 हजार. नाहीतर काढून टाका. ‘का तापते?’ असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर माझ्या धाकट्या दिरांकडे बघून मिळालं, आणि ते उत्तर नव्हतंच. ‘जुनी झाली हो दादा’ एवढंच. बारा वर्षांची गाडी जुनी असते हे मलाही समजतं. त्यासाठी 22 हजार मोजायची गरज नव्हती.

मग शोरूम. घटस्थापनेलाच मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला होता, त्यामुळे तिथे जत्रा भरलेली. एसी, थंड पाण्याची बाटली, मऊ खुर्ची. सगळा हिशोब दिरांना समजावला गेला. ऑन रोड दहा लाख चाळीस, जुन्या गाडीचे एक लाख चाळीस धरले, बाकी नऊ लाख कर्ज. ‘दसऱ्याला गाडी दारात लावतो.’ सगळं झाल्यावर तो मुलगा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला कलर कुठला आवडेल?’

चाचा, पिकअपला रंग कसला हो? पांढरा, नाहीतर पांढरा.

रात्री पोराच्या फोनवर हिशोब मांडला. नऊ लाख, 11 टक्के, साठ हप्ते. महिन्याला साडेएकोणीस हजार आणि पाच वर्षांत पावणेतीन लाख नुसतं व्याज. आता आमचा धंदा बघा. 2023 च्या जुलैत नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला, सगळ्या देशाने बातम्या पाहिल्या. त्याच बाजारात तोडणीची मजुरी सुटणार नाही असे दिवसही आम्ही काढलेत, त्याची बातमी कुणी करत नाही. भाव वर-खाली होतो, हप्ता होत नाही.

घरात मात्र सगळ्यांचं एकच निदान. ‘वहिनी भावनेत अडकल्यात. दादांची गाडी म्हणून सोडवत नाही.’ हे ऐकून माझं डोकं गाडीपेक्षा जास्त तापायचं. ह्यांची आठवण मला येते ती पहाटे पाणी भरायला उठल्यावर. त्यासाठी पत्र्याची पिकअप लागत नाही. मला फक्त एवढंच हवं होतं की कुणीतरी खरं सांगावं. गाडी मेली असेल तर मेली सांगा. मी विकते.

तुमच्याकडे आले तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होते. दीर सोबत होते. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, चहा सांगितलात आणि मग मला विचारलंत, ‘ताई, चालवतं कोण?’

मी म्हटलं, नारायणगावपर्यंत मी, घाटात पोरगा.

‘मग तुम्ही या इकडे.’

बॉनेट उघडलंत. गाडी चालू करून थोडी तापू दिलीत. मग इंजिनात ऑइल भरायचं झाकण काढलंत, फडक्याला पुसलंत आणि माझ्या हातात दिलंत. ‘उलटं करून त्या तोंडावर नुसतं ठेवा. आवळू नका.’ मी घाबरत ठेवलं. झाकण जरा थरथरलं आणि तिथेच बसून राहिलं. ‘आता रेस देतो, बघत राहा.’ आवाज वाढला, झाकण थोडं जास्त थरथरलं, पण जागचं हललं नाही.

‘पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर खालून बॅक कॉम्प्रेशन मारलं असतं, म्हणजे आतला दाब इथून वर आला असता. झाकण उडून तुमच्या पायावर पडलं असतं. पडलं का?’

नाही पडलं.

‘मग इंजिन गेलंय असं मी म्हणू की तुम्ही?’

चाचा, तुम्हाला हे काहीच वाटलं नसेल. तुम्ही दिवसात दहा गाड्यांवर हे करत असाल. पण बारा वर्षं ती गाडी आमच्या दारात आहे, चार वर्षं मी ती चालवते, आणि तोवर कुणी मला त्या बॉनेटखाली हात घालू दिला नव्हता. ‘साडीला ऑइल लागेल’ म्हणायचे. त्या दिवशी लागलंही. निळ्या साडीच्या काठाला तो डाग अजून आहे, मी तो घासत बसलेले नाही. 85 हजारांचं काम आहे की नाही, हे ठरवायला जी गोष्ट लागत होती ती दोन मिनिटांची होती आणि ती मला माझ्या डोळ्यांनी दिसली. दिरांनाही दिसली. ते चहा विसरून उभे राहिले होते.

त्यानंतरचं रेडिएटरचं. वर हात धरायला लावलात, चटका बसत होता. खाली उजव्या कोपऱ्याजवळ गार. गाडी निवल्यावर आत बोट घालून पांढरी-तांबडी खपली काढलीत आणि माझ्या तळहातावर चोळलीत. ‘पाणी कुठलं घालता?’ मी म्हटलं, बोअरचं. रोज सकाळी मीच घालते, बाटलीने. तुम्ही म्हणालात, ‘ठिबकच्या नळ्यांचं जे होतं, तेच झालंय.’

एवढं एक वाक्य! ठिबक मी वीस वर्षं बघतेय. क्षाराने ड्रिपर बंद पडतात, मग ॲसिड सोडावं लागतं, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि तेच क्षाराचं पाणी मी स्वतःच्या हाताने चार वर्षं रेडिएटरमध्ये ओतत होते. म्हणजे चूक माझीही होती. तुम्ही ती बोलून दाखवली नाहीत. आधीच्यांनी गॅस्केट बदललं ते कदाचित उडालंही असेल, पण का उडालं हे विचारायची तसदी घेतली नाही, एवढंच तुम्ही म्हणालात. त्यांना शिवी दिली नाहीत. ती मी घरी येऊन दिली.

रेडिएटर, पाण्याचा पंप, बेल्ट, कूलंट मिळून 13,400 झाले. बघायचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर पोरगा सहा वेळा घाट चढून आलाय. काटा अर्ध्याच्या वर गेलेला नाही.

पण तुम्ही फक्त ‘ठेवा’ म्हणून मोकळे झाला असतात, तर मी इतकं लांबलचक पत्र लिहिलं नसतं. जुनं तेच चांगलं म्हणणारे आमच्या पारावर पुष्कळ बसलेत. तुम्ही टॉर्च घेऊन गाडीखाली गेलात आणि हातोडीने चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, टोकापासून टोकापर्यंत वाजवत आलात. मागचा कमानपाटा चेसिसला जिथे अडकतो त्या हँगरजवळ आवाज बदलला, तिथे खडूने खूण केलीत. ‘आज नुसता गंज आहे, घासून रंग मारतो. इथे तडा दिसला, की वेल्डिंग करत बसू नका. त्या दिवशी विका.’ आणि विचारलंत, ‘कल्याणला आठवड्यातून किती खेपा?’ दोन म्हटल्यावर मान हलवलीत. रोज रात्री वाशी गाठायची असेल तर नवीनच घ्या, म्हणालात. घाटात बंद पडून माल नासला तर तो खर्च दुरुस्तीच्या डायरीत कुठे लिहिलेला नसतो. हे शोरूमवाल्याने सांगायला हवं होतं. त्याचा तर फायदाच होता त्यात.

आणि बीएस-6 चं, म्हणजे गाडीच्या धुराच्या नव्या नियमाचं. 2020 पासूनच्या डिझेल गाड्यांत धूर गाळायचा फिल्टर आणि सेन्सर आले. छोट्या छोट्या खेपा, हळू चालणं, यात तो फिल्टर काजळीने भरतो. लांब पल्ल्यावर नीट तापला की आपोआप जळून साफ होतो. आमचं शेत ते बाजार, बाजार ते शेत. नवीन घेतली तर अधूनमधून तिला मोकळ्या रस्त्यावर पळवून आणा, म्हणालात. नवीन गाडीला तुम्ही नावं ठेवली नाहीत, तिला कसं जपायचं ते सांगितलंत.

शेवटी तुमचा तो हिशोब. आठ वर्षांपासून पर्यावरण कर आणि दरवर्षीचं पासिंग आहेच. 2028 मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, तेव्हा पासिंगची फी एकदम वाढते. तोवर तीन वर्षं आहेत. ‘नवीन गाडीचा हप्ता आत्तापासूनच सुरू करा ताई, गाडी तेवढी नंतर घ्या.’ दीर खो-खो हसले. मी हसले नाही. दुसऱ्याच दिवशी पतसंस्थेत महिना आठ हजारांची आवर्त ठेव उघडली. तीन वर्षांनी तीन लाखांच्या वर जातील, मग कर्ज नऊ लाखांचं लागणार नाही. गेल्या वर्षी जुनीवर डिझेल सोडून 61 हजार गेले, टायर, क्लच प्लेट, पासिंग, विमा सगळं धरून. नवीनचा नुसता हप्ताच वर्षाला दोन लाख पस्तीस हजार. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून फ्रीजवर लावलेत. पोरगा येता-जाता तो कागद बघतो आणि तोंड फुगवतो. त्याला एसी हवा होता. मे महिन्यात त्या केबिनमध्ये बसून बघा, म्हणतो. त्याचंही खोटं नाही.

आमच्या लहानपणी गावात एक वाणी होते. ते तराजू गिऱ्हाइकाच्या बाजूला वळवून धरायचे. काटा आधी तुम्ही बघायचा, मग त्यांनी. वजनात फसवणारे दुकानदार त्या वेळीही होते, आणि त्यांच्या दुकानात तराजू नेहमी अंधारात टांगलेला असायचा. आता काटे इलेक्ट्रॉनिक झाले, पण आकडे कुणाच्या बाजूला दिसतात ते अजूनही मी आधी बघते. डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतो की नुसता फाइलमध्ये सारतो, आडत्या पट्टीवरची कपात समजावतो की ‘नेहमीचंच आहे’ म्हणतो, तेही बघते. माणूस गोड बोलतो की तिरसट, याचं मला फारसं काही नाही. तुम्ही काही फार गोड नाही बोललात. ‘आवळू नका’ तर चांगलंच खेकसून म्हणालात.

गावातल्या दोघीतिघींना मी ते झाकणाचं सांगितलंय. एकीने तर नवऱ्याला न विचारता स्वतःच्या टेम्पोवर करून बघितलं. तिचं झाकण उडालं. ती पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतेय, तेव्हा जरा वेळ काढा. आणि बोलणं तिच्याशीच करा, नवरा नुसता सोबत असेल.

बोअरचं पाणी बंद केलंय. कूलंटचा डबा सीटखाली असतो. पाच हजार किलोमीटर झाले की ऑइलला येते. आणि हो, तुमचा बारा-तेराचा पाना आमच्या डॅशबोर्डच्या खणात राहिलाय. शोधत असाल तर शोधू नका, येताना घेऊन येते.

तुमची आभारी,
पांढऱ्या पिकअपवाली ताई