टँकर फिरवून धूळ जाणार नाही

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

खाणीच्या ट्रकांची धूळ बसावी म्हणून रस्त्यावर दिवसातून दोनदा पाण्याचा टँकर फिरणार, त्यामुळे आपल्या वाड्यावर समाधान आहे, असं कळलं. मला मात्र काळजी वाटते. हौद्यातून उडते त्याहून जास्त धूळ रस्त्यावरून उठते. वळणावर, चढावर खनिज सांडतं, चाकांखाली दळलं जातं आणि मागचा ट्रक ते उडवतो. एप्रिलच्या उन्हात शिंपलेलं पाणी बघता बघता सुकतं. तोवर झालेला चिखल टायरांना चिकटून पुढच्या वाड्यावर जातो नि तिथे वाळतो. पावसात तोच गाळ भातशेतीत उतरतो. म्हणून आधी सांडलेला माल झाडून उचला, खाणीच्या फाटकावर टायर धुवा, हौद्यातला माल फाळक्याच्या (कडेच्या फळीच्या) वर येऊ देऊ नका, ताडपत्री चारही बाजूंनी बांधा, हे मागायला हवं. नुसती वर टाकलेली ताडपत्री पहिल्याच वळणावर उघडी पडते.

बाबा, अर्जात ‘धूळ फार होते’ एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, तासाला किती ट्रक, उघड्या ट्रकांचे नंबर, फोटो, सगळं जोडा. प्रदूषण मंडळाकडे २४ तासांचं मापन मागा. पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या बारीक धूलिकणांची, मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. यंत्र पंचायतीच्या गच्चीवर नको, रस्त्यालगतच्या घरापाशी हवं, आणि ट्रक धावतात त्याच दिवशी.

ट्रकवाल्यांशी वाद घालू नका. त्यांना भाडं टनावर आणि अंतरावर मिळतं. फेऱ्या वाढल्या तरच बँकेचा हप्ता सुटतो, म्हणून ते जोरात हाकतात. फेऱ्यांची मर्यादा आणि शाळेच्या वेळेतली बंदी खाणवाल्यांकडून आणि सरकारकडून घ्यायची. २०१७ मध्ये गोव्यातल्या सोनशी गावात खाणीचे ट्रक अडवले म्हणून ४५ गावकऱ्यांना अटक झाली. धूळ ज्यांनी खाल्ली, कोठडीही त्यांच्याच वाट्याला आली. हे मला आजही सहन होत नाही.

लिलावातल्या खाणीच्या रॉयल्टीच्या १० टक्के एवढी रक्कम जिल्हा खनिज निधीत जाते. ती बाधित गावांसाठीच असते. नळाचं पाणी आणि छातीची तपासणी त्यातून व्हावी, असा ठराव ग्रामसभेत घ्या आणि सहीशिक्क्याची नक्कल मागून घ्या.

आई, केरसुणीने धूळ पुन्हा हवेत उठते, ओल्या फडक्याने पूस. रस्त्याकडच्या खिडक्या फक्त ट्रक सुरू होण्याआधी उघड, मग बंद ठेव. विहिरीवर झाकण बसवून घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. बाबांना बाहेर जाताना एन-९५ मास्क दे.

अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. रकाने भरून आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा.

तुमची लेक